लवकर निदान आणि वेळेवर निदान

सहा महिन्यांच्या बालकाच्या लंगोटात टीपकागदाची एक लहानशी पट्टी ठेवावयाची, ती भिजली की वाळवावयाची आणि लिफाफ्यात घालून टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवून द्यावयाची, एवढे काम जपानमधील मातांनी जवळजवळ वीस वर्षे निष्ठेने केले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्योटो येथे सुरू झालेली ही तपासणी १९८० च्या दशकाच्या मध्यास सबंध देशाचा कार्यक्रम झाली. 'न्यूरोब्लास्टोमा' या नावाच्या, लहान मुलांनाच प्रामुख्याने होणाऱ्या कर्करोगाचा सुगावा मूल आजारी पडण्यापूर्वीच लागावा, हा तिचा हेतू होता. या रोगाच्या पेशी अॅड्रिनलिनच्या जातीची रसायने तयार करतात. त्यांचे अवशेष दहापैकी सुमारे नऊ रुग्णांच्या लघवीत सापडतात आणि वाळलेल्या कागदावरूनही ते मोजता येतात. सुई टोचावयास नको, मुलाला रडवावयास नको आणि खर्चही बेताचा. रोगतपासणीची याहून निरुपद्रवी पद्धत कल्पिणे कठीण. तरीही २००४ मध्ये जपानने ती थांबविली.

आरंभी सारे काही मनासारखे घडत होते. तपासणीत रोग सापडलेली बालके जवळजवळ सर्व जगत होती. कोणत्याही सरकारने पाठ थोपटून घ्यावी असेच हे यश होते. पण काही वैद्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एवढी बालके आधीच सापडून बरी होत असतील, तर दोन-तीन वर्षांच्या वयात हाडांपर्यंत पसरलेला रोग घेऊन रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्या घटावयास हवी. ती का घटत नाही?

या प्रश्नाचे उत्तर दोन मोठ्या प्रयोगांनी दिले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८९ पासूनच्या पाच वर्षांत जन्मलेल्या सुमारे पावणेपाच लाख बालकांसाठी तिसऱ्या आठवड्यात व सहाव्या महिन्यात ही तपासणी ठेवण्यात आली. जर्मनीत १९९५ ते २००० या काळात वर्षाच्या आसपासच्या सुमारे पंधरा लाख बालकांची तपासणी झाली आणि तपासणी न झालेल्या प्रदेशांतील मुलांशी तिची तुलना करण्यात आली. दोहोंचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. जर्मनीत तपासलेल्या दर लाख बालकांमागे या रोगाने १.३ दगावली, न तपासलेल्यांत १.२. दूरवर पसरलेल्या रोगाचे प्रमाण एकीकडे लाखामागे ३.७, दुसरीकडे ३.८. म्हणजे मृत्यूही तेवढेच आणि भयंकर स्वरूपातील रोगही तेवढाच. तपासणीने १४९ बालकांत रोग शोधून काढला आणि त्यांपैकी तीनच दगावली. पण तपासणीत निर्दोष ठरलेल्या ५५ मुलांना पुढे हा रोग झाला आणि त्यांतील १४ गेली. क्वेबेकमध्येही मृत्यू घटले नाहीत. जपानमधील काही संशोधकांनी २००८ मध्ये आपल्या देशातील आकडे पुन्हा तपासून, तपासणीने मृत्यू कमी झाले होते, असे प्रतिपादन केले हे नमूद करावयास हवे. तथापि ती तुलना मागाहून केलेली होती. क्वेबेक आणि जर्मनीतील प्रयोगांची मांडणी मुळातच याच प्रश्नासाठी झालेली असल्यामुळे त्यांचे वजन अधिक.

जर्मन संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडला आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. दर लाखामागे सुमारे सात बालके अशी निघाली की, तपासणी झाली नसती तर त्यांना हा रोग होता हे कोणाला कधी कळलेच नसते. त्यांच्या गाठी आपोआप विरून गेल्या असत्या. त्या बालकांच्या आईबापांना मात्र 'कर्करोग' हा शब्द ऐकावा लागला आणि मुलांना शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागले. कित्येकांना रसायनोपचारही सोसावे लागले.

एका नावाचे दोन रोग

कर्करोगाची गाठ आपोआप विरते, हे विधान ऐकणाऱ्यास भोंदूपणाचे वाटेल. या एका रोगापुरते मात्र ते शास्त्रीय सत्य आहे आणि त्याचे कारण रोगाच्या जन्मातच आहे. गर्भावस्थेत मज्जातंतू घडविणाऱ्या काही पेशी पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंस उतरतात. त्यांतील काहींपासून हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांचे नकळत चालणारे व्यवहार सांभाळणारे मज्जातंतू होतात, तर काहींपासून मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा बनतो. ज्या पेशी या प्रवासात अर्ध्या वाटेवर अडकून पडतात आणि प्रौढ न होता नुसत्याच वाढत राहतात, त्यांची ही गाठ. म्हणून ती बहुधा पोटात, कधी छातीत, कधी मानेत कण्याला लागून आढळते. म्हणूनच ती बालवयाचा रोग आहे. रुग्णांपैकी दहांत नऊ मुले पाच वर्षांच्या आतील असतात. फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये अशा गाठीचे वर्णन केले आणि अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी १९१० मध्ये तिला आजचे नाव दिले.

अडकलेल्या पेशींना कधीकधी उशिरा का होईना, वाट सापडते. त्या एकतर मरून जातात किंवा प्रौढ होऊन निरुपद्रवी गाठीच्या रूपाने पडून राहतात. १९६३ मध्ये बेकविथ आणि पेरिन या अमेरिकी वैद्यांनी अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या तान्ह्या बालकांच्या अधिवृक्क ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत अशा पेशींचे पुंजके त्यांना इतक्या वेळा आढळले की, प्रत्यक्ष रोगाचे प्रमाण त्याच्या मानाने नगण्य ठरावे. निसर्ग यांतील बहुतेक पुंजक्यांचा निकाल स्वतःच लावतो. जपानमधील कागदाच्या पट्ट्यांनी नेमकी हीच बालके वेचून काढली. दोन वर्षांच्या मुलाचा जीव घेणारी गाठ सहाव्या महिन्यात बहुधा अस्तित्वातच नसते. ती नंतर उगवते आणि झपाट्याने पसरते.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील ऑड्री इव्हान्स यांना हा भेद पट्ट्यांच्या कितीतरी आधी जाणवला होता. मूळच्या इंग्लंडच्या या बालरोगतज्ज्ञ. रोगाच्या अवस्थांची प्रतवारी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडली आणि तीत एक खास वर्ग केला. मूल वर्षाच्या आतले आहे, मूळ गाठ लहान आहे, पण रोग यकृतात, त्वचेखाली व अस्थिमज्जेत पसरला आहे. इतर कोणत्याही कर्करोगात अशा रुग्णाची आशा सोडून द्यावी. इव्हान्स यांनी दाखवून दिले की, ही मुले पुष्कळदा फारशा उपचारांविना बरी होतात. अर्थात त्यांतही अगदी तान्ह्या बालकाचे यकृत इतके फुगू शकते की श्वास कोंडावा. तेव्हा हस्तक्षेप करावाच लागतो. पण जेथे रोगापेक्षा औषधच अधिक मारक ठरेल तेथे हात आवरता आला पाहिजे, हे सांगावयास त्या काळी धैर्य लागत होते. पुढे हा विचार बराच दूर गेला. सहा महिन्यांच्या आतील ८३ बालकांच्या अधिवृक्क ग्रंथीतील लहान गाठी न कापता केवळ नजरेखाली ठेवण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचांतील चार बालकांना शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि तीन वर्षांअखेर सर्व बालके हयात होती.

ही रोगाची सौम्य बाजू. दुसरी बाजू तितकीच क्रूर आहे. मूल दीड वर्षाच्या पुढचे, रोग हाडांत आणि अस्थिमज्जेत पसरलेला आणि गाठीतील 'एन-मिक' या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या, अशी लक्षणे एकत्र आली की कस लागतो. या जनुकाचा संबंध १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात उलगडला. सुमारे एकपंचमांश गाठींत तो आढळतो. अशा मुलाचे उपचार सुमारे दीड वर्ष चालतात. प्रथम रसायनोपचाराच्या फेऱ्या, मग आक्रसलेल्या गाठीची शस्त्रक्रिया, मग अस्थिमज्जा जवळजवळ जाळून टाकणाऱ्या मात्रेची औषधे आणि आधीच काढून ठेवलेल्या मुलाच्याच मूळपेशींचे पुनर्रोपण, नंतर किरणोपचार. शेवटी 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील एक औषध सहा महिने द्यावयाचे. तारुण्यपीटिकांवर देतात तेच हे औषध, अडून बसलेल्या पेशींना प्रौढ होण्यास भाग पाडते. यापुढची पायरी म्हणजे गाठीच्या पेशींना नेमके ओळखणारी प्रतिपिंडे. त्यांचा उपयोग २०१० मध्ये सिद्ध झाला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. त्यांची किंमत भारतातील सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची आहे. एवढे सारे करूनही संपन्न देशांत या गटातील साधारण निम्मीच मुले जगतात. सौम्य गटातील नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात.

एकाच नावाखाली हे दोन रोग नांदत असल्यामुळे, समोरच्या मुलाला यांपैकी कोणता झाला आहे हे ठरविणे हाच निदानाचा गाभा होय. तो चुकला तर एका बालकावर नाहक विषाचा मारा होतो आणि दुसऱ्याला अपुरे औषध मिळते.

शिबिरांपलीकडचे काम

महाराष्ट्रात आरोग्याचा विचार शिबिरापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. मंडप पडतो, फीत कापली जाते, हजारोंची तपासणी झाल्याचे वृत्त छायाचित्रासह छापून येते. 'लवकर निदान' ही त्यामागची घोषणा इतकी सर्वमान्य आहे की तिची उलटतपासणी करणे अभद्र समजले जाते. काही कर्करोगांच्या बाबतीत ती खरीही आहे. या रोगापुरता मात्र निरोगी बालकांची चाळणी करण्याचा मार्ग जगाने चालून पाहिला आणि सोडून दिला. आजारी मुलाचे निदान वेळेवर होणे ही अगदी निराळी गोष्ट आहे आणि ती येथे अद्याप व्हावयाची आहे.

या मुलाचे दुखणे फसवे असते. पोट फुगते, तेल लावताना किंवा न्हाऊ घालताना आईच्या हाताला काही घट्ट लागते. ताप येत-जात राहतो, तो दात येण्यावर ढकलला जातो. मूल पांढरेफटक पडते, म्हणून लोहाचे औषध सुरू होते. ते लंगडू लागते, उचलून घेतले की रडते; हे पडल्याचे, मुरगळल्याचे किंवा सांधेवाताचे समजले जाते. डोळ्यांभोवती काळेनिळे वण उमटतात आणि मुलाला कोणी मारले काय, अशी शंका प्रथम येते. क्वचित डोळे सैरभैर नाचू लागतात, हातपाय झटके देतात. यांतील प्रत्येक लक्षणाला शंभर साधी कारणे असतात आणि कर्करोग हे त्यांतील अगदी दुर्मीळ कारण. म्हणून डॉक्टरांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. पण महिनाभर न हटणारा ताप, वाढता फिकटपणा आणि पाय न टेकणारे मूल ही तीन एकत्र आली असता पोटावरून हात फिरवून पाहावयास यंत्र लागत नाही. वेळ लागतो आणि गर्दीच्या दवाखान्यात तीच वस्तू दुर्मीळ असते. मेळघाटातून अधूनमधून वृत्त येते की, पोट फुगलेल्या तान्ह्या मुलास 'डंबा' म्हणून तापल्या सळईचे चटके देण्यात आले. शहरातील वाचक हळहळतो. पण फुगलेल्या पोटावर जंताचे औषध पुनःपुन्हा लिहून देणारा शहरी दवाखाना कारणाचा शोध घेण्याच्या बाबतीत फार पुढे गेला आहे असे म्हणवत नाही.

वेळेवर निदानाने प्रत्येक मूल वाचेल असेही समजू नये. गाठ स्वभावतःच उग्र असेल तर आठ-पंधरा दिवसांनी फार फरक पडत नाही, आणि आपण आधी का ओळखले नाही या विचाराने आयुष्यभर जळत राहणाऱ्या आईला हे कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवे. पण गाठ कण्यातील फटीतून आत शिरून मज्जारज्जूला दाबू लागली असेल तर दिवसच नव्हे, तासही मोलाचे असतात; मूल पुढे चालणार की नाही हे त्यांवर ठरते. शिवाय महिनोन्महिने खंगलेल्या, कुपोषित मुलाला रसायनोपचार सोसत नाहीत, हा तर येथील नित्याचा अनुभव.

निदानाचा पहिला टप्पा जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतो. पोटाची सोनोग्राफी आता तालुक्यातही मिळते. पण पुढचा टप्पा तेथे करू नये हेच बरे. ही गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसते. मूत्रपिंडाची गाठ समजून घाईने पोट उघडणाऱ्या शल्यचिकित्सकाला ती निघत नाही आणि मुलाच्या जिवावर बेतते. लहानसा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकीय व जनुकीय परीक्षा, दोन्ही बाजूंच्या अस्थिमज्जेची तपासणी, लघवीतील रसायने, सर्वांगातील रोग दाखविणारे किरणोत्सर्गी चित्रण, एवढे झाल्याखेरीज उपचाराची दिशा ठरत नाही. ही सोय मोजक्या केंद्रांतच आहे. तुकडा नीट जतन होऊन तेथे पोहोचावा आणि त्याचा अहवाल गरिबाला विनामूल्य मिळावा, ही व्यवस्था चार नव्या इमारतींहून अधिक उपयोगाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगाचा कार्यक्रम आखला. २०३० पर्यंत साठ टक्के मुले जगावीत असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात मापदंड म्हणून निवडलेल्या सहा कर्करोगांत न्यूरोब्लास्टोमा नाही. साध्या साधनांनी बरे होणारे रोग आधी घेतले, हे व्यवहाराला धरून आहे. पण त्यामुळे या मुलांची आठवण सरकारला कोणी बाहेरून करून देणार नाही, हेही उघड आहे.

महाराष्ट्राजवळ साधने अगदीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात. जन्मदोष, पोषणातील उणिवा, आजार आणि विकासातील विलंब यांची पाहणी करतात. या पथकातील डॉक्टरांनी प्रत्येक मुलाला उताणे निजवून पोट चाचपावे आणि पोटात गाठ लागताच ते मूल थेट नेमून दिलेल्या केंद्राकडे पाठवावे, एवढी शिस्त लावण्यास नवा विभाग उघडावा लागणार नाही. निरोगी दिसणाऱ्या सर्वांची लघवी तपासण्यात आणि समोर आलेल्या मुलाला हात लावून पाहण्यात अंतर आहे. या दुसऱ्या गोष्टीचा फायदा याच रोगाला नव्हे, मूत्रपिंडाच्या, यकृताच्या, प्लीहेच्या विकारांनाही होईल.

उपचारांच्या खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागू शकतो. पण कुटुंब मोडते ते रुग्णालयाच्या बिलाबाहेरील खर्चाने. दीड वर्ष मुंबईत राहावयाचे, बुडालेली मजुरी, गावी ठेवलेली दुसरी मुले, खोलीचे भाडे. रसायनोपचारानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी उतरलेले मूल पदपथावर निजविणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण, आणि परळच्या रुग्णालयांभोवतीचे पदपथ अशी कुटुंबे वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. ऑड्री इव्हान्स यांना हेही दिसले होते. १९७४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने फिलाडेल्फियात उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी एक निवासगृह सुरू झाले आणि त्या धर्तीवर जगभर घरे उभी राहिली. गाठींची प्रतवारी लावणे आणि आईबापांच्या निजण्याची सोय पाहणे ही एकाच वैद्याची कामे होती. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना कित्येक वर्षे आसरा देत आली आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून मुंबईत विनामूल्य निवासाची केंद्रे चालविली. टाटा स्मारक रुग्णालयाने समाजसेवक, निवास, आहार आणि अर्थसाहाय्य यांची सांगड घालून मध्येच उपचार सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय घटविले. त्यासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही.

हे काम नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर येथे व्हावयास हवे. रसायनोपचाराच्या मधल्या फेऱ्या मोठ्या केंद्राच्या देखरेखीखाली तेथील रुग्णालयांत देता आल्या, रक्ताची व प्लेटलेटची सोय तेथे असली, तर नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागणार नाही. आज प्रत्येक फेरीनंतर बापाच्या हाती पुढील तारखेचा कागद पडतो. त्या तारखेला मूल आले नाही तर दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करणारा आणि गावच्या आशा कार्यकर्तीला घरी धाडणारा माणूस प्रत्येक विभागीय रुग्णालयात हवा. एका समाजसेवकाचे वेतन एवढाच त्याचा खर्च आहे आणि येत्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद करता येण्यासारखी आहे.